निळे हात, वाकलेल्या पाठी

एकदा एका नदीकाठच्या गावात विणकर आणि रंगारी यांच्यात पाणवठ्यावरून तंटा पेटला. नीळ कालवून रंगाऱ्यांचे हात कोपरापर्यंत निळे झालेले. विणकर म्हणत, "ही माणसं मुळातच निराळ्या वंशाची. घालवा त्यांना गावाबाहेर!" निवाडा एका वृद्ध आचार्यांकडे आला. त्यांनी आपल्या शिष्येला चौकशीस धाडले. ती स्वतः विणकराची लेक.

ती परतली ती धास्तावूनच. "गुरुजी, लोक म्हणतात ते खरंच असावं. त्यांची मुलंसुद्धा निळीच जन्मतात म्हणे."

"तू पाहिलंस?"

"नाही. पण अख्खं गाव कसं खोटं बोलेल?"

आचार्यांनी तिला रंगाऱ्यांकडे पाठवलेच नाही. म्हणाले, "घाटापलीकडच्या गावी जाऊन ये. तिथेही विणकर आहेत, रंगारी आहेत." तिला काही उमगेना. तंटा इथला, आणि तिकडे काय पाहायचे?

त्या गावी पोचेस्तोवर तिच्या घशाला कोरड पडली. तिथली विहीर रंगाऱ्यांच्या ताब्यात; निळ्या हातांची एक म्हातारी पाणी ओढत होती.

"आजी, घोटभर पाणी देता?"

"देते की. कुणाची गं तू?"

"विणकराची."

म्हातारीने घागर मागे घेतली. "थांब तिथंच, बाई. तुमचा वंशच वाकड्या पाठीचा. जन्मताच वाकलेले तुम्ही, मागावर बसणं आपलं निमित्ताला."

शिष्येला बापाची पाठ आठवली. मागावर बसून बसून वाकलेली.

तिने सारे सांगितल्यावर आचार्य म्हणाले, "एकच गाव पाहिलं की वाटतं, जगाची रीतच ही. दुसरं शेजारी ठेवलं, की विचारावं लागतं: हे कधी झालं, कुणी केलं, त्यात कुणाचं फावलं? वंश पुष्कळदा तिथे, कुणाच्या तरी फायद्यापोटी जन्मतो, आईच्या पोटी नव्हे."

निवाड्यासाठी गाव जमला. भर सभेत शिष्येने पाहिलेले सांगितले, तोच कुणी ओरडले, "पोरीला तिकडचं पाणी लागलंय!"

"पाणी मिळालंच नाही, काका," ती कशीबशी म्हणाली. हशा उसळला. पाणवठा दोघांचाही, हा आचार्यांचा निवाडा कुणी मानला नाही. रंगाऱ्यांच्या गाड्या नदीपार गेल्या.

पण सूत रंगवायला तर हवेच होते. विणकरांनी आपल्यातलीच चार गरीब घरे निळीच्या हौदांवर बसवली. पुढल्या लग्नसराईत त्या घरांची पंगत वेगळी बसली. तसे कुणी सांगितले नव्हते, आणि वाढणाऱ्यांनाही काही विचारावेसे वाटले नाही.

शिष्या आपल्या पानावरून उठली आणि त्या पंगतीत जाऊन बसली.