कुसुमच्या पाटल्या

दामूअण्णांच्या नव्या घरात दूध उतू गेलं, पंगत बसली. मानाच्या पाटावर होते घर बांधणारे बिल्डर बापूसाहेब शितोळे.

"दामूअण्णा, आता घराची हमी विकत घ्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दरवर्षी पैसे भरायचे. छत गळो, भिंत तडको, मी आहे की!"

दामूअण्णा विरघळले. ते ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असत आणि मागे बायको कुसुम एकटी. ते तिच्या कानाशी पुटपुटले, "तुझ्या पाटल्या मोडू या? मला तिकडे निवांत झोप तरी लागेल."

कुसुमने बापूसाहेबांच्या पोळीवर तूप वाढलं. "तुमच्या बंगल्याची हमी कुणाची हो?"

"वहिनी, तो मी स्वतः उभं राहून बांधलाय. त्याला कशाला हमी?"

"मग आमचं बांधताना कुठे उभे होता?"

पंगत खो खो हसली. बापूसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "वहिनी, काही झालं तर नुसती हाक मारा. पैसे नकोत."

कुसुम दामूअण्णांकडे वळली. "घराला काही झालं तर यांना बोलावीन. मला काही झालं तर तुम्ही याल, एवढी हमी द्या. पाटल्या राहू देत."