खरखरणारी बटणं

"म्हणजे दोष बटणांचाच आहे, एवढं तरी तुम्हाला पटतंय ना?" इग्नासने विचारलं.

सिस्टर एर्मेलिंदांनी चष्मा नाकावर खाली सरकवला. समोरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे त्या चष्म्याच्या वरून पाहत राहिल्या.

वसईच्या कॉन्व्हेंटमागे म्हाताऱ्या सिस्टरांसाठी एक बैठी इमारत आहे. तिच्या व्हरांड्यात, दुपारच्या वेळी हे बोलणं चाललं होतं. सिस्टरांनी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि शाळा सुटल्यावर गावातल्या पोरांना रेडिओ जुळवायला शिकवलं. इग्नास त्या पोरांतला एक. सोल्डर कसं धरायचं, हे त्याला सिस्टरांनीच दाखवलं होतं.

आता तो चाळिशी ओलांडलेला माणूस होता. आपण या विद्येत सिस्टरांच्या बरेच पुढे गेलो, असं त्याला मनातून वाटत असे. म्हणून तर इतके दिवस तो त्यांच्याकडे आला नव्हता.

अ‍ॅम्प्लिफायर गिटारचा होता. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून लाल होणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, जुन्या पद्धतीचा. इग्नासने तो धाकट्या भावासाठी, बस्त्यावसाठी, घरीच बनवला होता. पेटी सागवानाची, आतली प्रत्येक तार स्वतःच्या हाताने ओढलेली. बस्त्याव चर्चच्या बँडमध्ये गिटार वाजवतो आणि गावचा सण तोंडावर आला होता.

आवाज असा भरदार, की पहिल्या दिवशी दोघे भाऊ नुसते ऐकत बसले. पण बास किंवा ट्रेबलचं बटण जरा फिरवलं, की स्पीकरमधून खर्रर्र... लोखंडी कढईत कालथा घासावा तशी.

इग्नासने सगळी हकिगत सांगितली. बटणाखाली जो भाग फिरतो, त्याला पॉट म्हणतात. त्यात आधी साफ करायचा स्प्रे मारला. दोन दिवस बरं वाटलं. मग पॉटच बदलले. नवे खरखरायला लागले, तेव्हा मुंबईहून भारीतले मागवले. तेही तसेच. हल्ली मालच वाईट येतो, असं तो म्हणाला.

"आणि बस्त्याव काय म्हणतो?" सिस्टरांनी विचारलं.

इग्नासने आवाराकडे पाहिलं.

"तो येत नाही हल्ली."

"का?"

"मी जरा बोललो त्याला."

जरा म्हणजे काय, ते सांगायला त्याला वेळ लागला. पहिले पॉट खरखरायला लागले, तेव्हा बँडची तालीम चालू होती. चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमलेले. बस्त्यावने ट्रेबल वाढवायला हात पुढे केला आणि स्पीकर किंचाळला. तेव्हा इग्नास सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुझे हात जड आहेत. तू वस्तू वापरत नाहीस, मोडतोस."

बस्त्यावने हात मागे घेतला. गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि निघून गेला. दोघांची घरं एकाच अंगणात, विहीर एकच. तरी तेव्हापासून इग्नासची चाहूल लागली, की तो आत जाई.

"तो गेल्यावर बटणांना कोणी हात लावला?"

"मीच. दुसरं कोण लावणार?"

"आणि खरखर?"

खरखर त्याच्या हाताखालीही थांबली नव्हती. हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता, असं नव्हे. आला होता. त्याने तो पुरा होऊ दिला नव्हता.

सिस्टरांनी विषय तिथेच सोडला. काढून टाकलेले पॉट कुठे आहेत, असं विचारलं. इग्नासने पिशवीतून बिस्किटांचा एक डबा काढला. फेकून द्यायला त्याचा जीव होत नव्हता.

सिस्टर उठल्या आणि खोलीतून आपला जुना, काट्याचा मीटर घेऊन आल्या. डब्यातला एक पॉट उचलून त्याच्या पायांना त्यांनी मीटरच्या तारा लावल्या आणि दांडा हळूहळू फिरवायला लागल्या.

काटा डावीकडून उजवीकडे गेला. सावकाश, न अडखळता.

त्यांनी दांडा उलटा फिरवला. काटा तसाच परत आला. एकदाही थरथरला नाही.

त्यांनी दुसरा पॉट घेतला. मग पुढचा... तो बस्त्यावच्या हाताखालचा, अगदी पहिला होता. इग्नासने तो ओळखला. काटा त्याच्यावरही लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

"हे का काढलेस?"

"खरखरत होते म्हणून."

"मग इथे का नाही खरखरत?"

इग्नासने पॉट त्यांच्या हातून घेतला. तो स्वतः पॉट पुन्हा पुन्हा फिरवून पाहू लागला. काट्यात कुठेतरी थरथर दिसावी, असं त्याला फार वाटत होतं. दिसली नाही.

सिस्टरांनी त्याला पेटीचा मागचा पत्रा काढायला सांगितला आणि अ‍ॅम्प चालू करायला लावला. गिटार जोडायची नाही, काही जोडायचं नाही. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. सिस्टरांनी आपला डावा हात पाठीमागे नेला आणि इग्नासकडे पाहिलं. त्याचाही डावा हात आपोआप पाठीमागे गेला. आत माणूस मारण्याइतकी वीज असते. मोजताना एकच हात पुढे करायचा, हा सिस्टरांचा पहिला धडा होता.

"बासच्या पॉटवर किती व्होल्ट असायला हवेत?"

"शून्य," इग्नास म्हणाला. हे तर तो झोपेतही सांगू शकला असता. तिथे फक्त आवाज यायचा. वीज तिथवर पोचायलाच नको.

"मोजलेस?"

"तिथे काय मोजायचं? तिथे काही नसतंच."

सिस्टरांनी मीटर त्याच्यापुढे सरकवला.

त्याने एक तार आतल्या पत्र्याला चिमट्याने अडकवली आणि दुसरी पॉटवर टेकवली. काटा शून्यावरून उठला आणि चांगला वर जाऊन थांबला.

 पलीकडच्या केळीच्या वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं होतं, तेवढा आवाज येत होता.

इग्नासला एका क्षणात सगळं कळलं. व्हॉल्व्हवर भरपूर वीज असते. ती आणि बटणं यांच्यामध्ये एक कंडेन्सर बसवलेला असतो. आवाजाला पुढे जाऊ द्यायचं आणि विजेला अडवायचं, एवढंच त्याचं काम. हा अडवत नव्हता, झिरपत होता. ती वीज गुपचूप दोन्ही पॉटमध्ये येऊन बसायची आणि बटण फिरवलं, की चरचरायची. कोणतेही पॉट लावले असते, अगदी सोन्याचे लावले असते, तरी ते ओरडलेच असते.

आणि तो कंडेन्सर कोणता, हेही त्याला पाहावं लागलं नाही. एका बंद पडलेल्या जुन्या रेडिओतून त्याने तो जपून काढला होता. मधाच्या रंगाचा, वर मेणाचा थर असलेला. जुन्या मालाचा आवाज गोड असतो, असं सांगत त्याने तो येईल त्याला दाखवला होता. सगळ्या अ‍ॅम्पमध्ये त्याचा सर्वांत लाडका तुकडा तोच. त्याने स्प्रे बदलला, पॉट बदलले, दुकान बदललं. त्या कंडेन्सरवर मात्र कधी संशय घेतला नाही.

त्याने अ‍ॅम्प बंद केला. आत साठून राहिलेली वीज नीट उतरवली. मधाच्या रंगाचा तुकडा काढला आणि पिशवीत पडलेला एक साधा, पिवळा, प्लास्टिकचा कंडेन्सर त्या जागी लावला.  

पुन्हा चालू केला. मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

मग त्याने मीटर बाजूला ठेवला, बासचं बटण धरलं आणि श्वास रोखून फिरवलं.

काही नाही.

ट्रेबल फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत... स्पीकर शांत होता. मागे व्हॉल्व्हची हलकीशी गुणगुण तेवढी होती.

इग्नास मटकन खुर्चीत बसला. इतक्या दिवसांनी त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. आपली पेटी वाईट नव्हती. पॉट वाईट नव्हते. त्याच्या भावाच्या हातांनी काहीच मोडलं नव्हतं.

"सुटलो, सिस्टर," तो म्हणाला. "आता बस्त्यावला सांगतो, की तुझा दोष नव्हता. चूक कंडेन्सरची होती."

"त्याला बोलला कोण? कंडेन्सर?"

इग्नासचं हसू थांबलं...

सिस्टर मीटरच्या तारा गुंडाळत होत्या. तारांकडे पाहतच त्यांनी सांगितलं, की बस्त्याव मागच्या आठवड्यात इथे येऊन गेला. त्याच खुर्चीत बसला होता. अ‍ॅम्पबद्दल त्याने तक्रार केली नाही, भावाबद्दलही नाही. दोन्ही तळवे पुढे करून त्याने एवढंच विचारलं होतं, "सिस्टर, माझे हात खरंच जड आहेत का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी त्याला चहा दिला."

इग्नासने आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठला, फोन घेऊन पायऱ्या उतरला आणि आवारातल्या फणसाखाली जाऊन उभा राहिला. सिस्टरांना व्हरांड्यातून त्याची पाठच दिसत होती. तो फार बोलला नाही. कंडेन्सरचं नाव त्याच्या तोंडी आलं नाही. "माझं चुकलं" एवढं म्हणाला. 

मग बस्त्यावचा आवाज आला.  कुठे आहेस, असं त्याने विचारलं. आणि गिटार घेऊन येऊ का, असंही.

इग्नास परत आला, तेव्हा पायऱ्या दोन-दोन चढत आला. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"येतोय," तो म्हणाला. "आत्ताच निघतो म्हणाला. सायकल काढतोय."

सिस्टरांनी मान हलवली.

पेटीत व्हॉल्व्ह तांबूस जळत होते. त्यांची ऊब टेबलापर्यंत येत होती. काम नसताना व्हॉल्व्ह जाळत ठेवायचे नाहीत, ही इग्नासची शिस्त. सवयीने त्याचा हात स्विचकडे गेला.

"तोवर बंद करून ठेवतो."

सिस्टरांनी आणखी एक खुर्ची अ‍ॅम्पसमोर ओढली.

"राहू दे चालू," त्या म्हणाल्या. "तो येईपर्यंत थंड कशाला करायचा?"