वेशीबाहेर उभी राहिलेली ठकूबाई

फार फार मागची गोष्ट. तेव्हा निंबदरीभोवती उंच गावकूस होतं आणि वेशीला जाडजूड सागवानी दारं होती. एकदा लुटारूंनी गाव धुऊन नेलं, आणि तेव्हापासून गावाची नजरच बदलली. माळावर मेंढरांची धूळ उठली तरी लोक दारं लावून घेत. वाटसरूच्या काखेतली वळकटी त्यांना तलवार दिसे.

त्या गावात ठकूबाई कुंभारीण राहायची. लहानपणी, दुष्काळात, ती आईचं बोट धरून कुठूनशी आली होती आणि हीच वेस तिच्यासमोर बंद झाली होती. दार उघडलं तोवर आई उरली नव्हती. कुंभारांनी पोरीला वाढवलं, सून करून घेतलं. गाव तिचं झालं. पण बंद वेस बाहेरून कशी दिसते, हे गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, माळावर मोठी धूळ उठली. दारं लागली. पुरुषांनी गोफणी काढल्या, बायका गावकुसावर दगड वाहू लागल्या. म्हातारी ठकूबाईही वर चढली.

"भाले हायती," हैबती पाटील म्हणाला.

"पालं ठोकायचे दांडे हायती, पाटील. माणसं तहानेली हायती."

"तुला तुझंच दिसतंय, ठकूबाई."

"आन् तुमास्नी तुमचं. म्या जवळ जाऊन बघते."

तिनं भरली घागर उचलली आणि ती दाराशी गेली. कुणी तिला वाट देईना. असं म्हणतात, की दारातल्या छोट्या दिंडीचा अडसर तिचा हात लागायच्या आधीच सरकला.

बाहेरची माणसंही भ्यालेली होती. त्यांचा म्होरक्या बहिरू कुऱ्हाड उगारून पुढं आला. "लांबच ऱ्हा. मागच्या गावानं आमचा माणूस मारला. पाण्यात काय कालवलंस?"

ठकूबाई आधी स्वतः प्याली, मग घागर त्याच्या बायकोच्या हातात दिली. सगळा जथा प्याला. असं म्हणतात, की घागर शेवटपर्यंत काठोकाठच राहिली.

मग तिनं मागं वळून गावाकडं पाहिलं. वर दगड घेऊन उभ्या असलेल्या माणसांत तिला एकही ओळखीचा चेहरा सापडेना. सगळं आयुष्य ज्यांच्यात काढलं, ती माणसं तिला लुटारू दिसत होती.

"हैबती," तिनं हाक मारली. पाटलाला तिनं कधी नावानं हाक मारली नव्हती. "खाली ये. हितनं एकदा बघ."

एक म्हातारी बाहेर आणि आपण आत, हे पाटलाला लागलं. तो नंगी तलवार घेऊन बाहेर पडला. बहिरूची कुऱ्हाड पुन्हा वर झाली. पाटील त्याच्यावर नजर ठेवून ठकूबाईजवळ आला आणि तिनं दाखवलं तिकडं वळला. गावकुसावर कुणीतरी गोफण फिरवत होतं. धुळीत उभा असलेला पाटील वरच्यांना पाटील दिसत नव्हता. तलवार घेतलेला एक लुटारू दिसत होता.

गोफण सुटली. ती पाटलाच्या सख्ख्या भावाची होती.

ठकूबाई मध्ये आली. निंबदरीत असं म्हणतात, की गोफणीतला दगडी गुंडा हवेतच थबकला आणि पिकल्या कवठासारखा अलगद तिच्या पायाशी पडला. बहिरूच्या वंशातले लोक म्हणतात, गुंडा तिला लागला, पण दारं उघडेपर्यंत ती पडली नाही. दोघंही आपापलंच खरं मानतात, आणि त्यावरून कधी भांडत नाहीत. एवढं मात्र दोघंही सांगतात, की पाटलानं तलवार टाकली आणि हात वर करून स्वतःच्याच गावाला विनवलं, "मारू नका."

त्या दिवशी जथा गावात आला आणि राहिला.

आज गावकूस नाही, दारंही नाहीत. तरी दर चैत्रात निंबदरीचे लोक जुन्या वेशीच्या जागी घोंगडी आडवी धरतात आणि गावातल्या मोठ्या मानकऱ्याला उन्हात बाहेर उभं करतात. आतून बहिरूच्या घरची सून विचारते, "कोण हाय?" त्यानं नाव सांगायचं नाही, हुद्दा सांगायचा नाही. "तहानेला हाय," एवढंच म्हणायचं. मग घोंगडी खाली येते.