नकाशातलं दार

शहराच्या मधोमध जी मोठी बाग आहे, तिच्या पश्चिमेच्या भिंतीत एक दगडी कमान आहे. उंबरा आहे, चौकट आहे, दार अडकवायचे लोखंडी आकडेही आहेत. दार मात्र नाही. त्या जागी दगड रचलेले आहेत, आणि ते भिंतीइतकेच जुने आहेत. कमानीच्या अलीकडे चुनेभट्टी नावाची वस्ती. दुपार कलली की कमानीसमोरच्या उघड्या जागेवर वस्तीतली माणसं पाळीनं येऊन बसतात. आधी बाळंतिणी, मग म्हातारी माणसं, मग कामावरून परतलेले. कोणी कोणाला उठवत नाही. आणि बसतात ती भर उन्हात.

परवा शहराच्या नव्या आराखड्याचे कागद घेऊन दोन पाहुणे आले होते. त्यांनी वस्तीतल्या वच्छामावशींना विचारलं, की ही मंडळी उन्हात का बसतात? मावशींनी आधी त्यांनाही तिथंच उन्हात उभं केलं, आणि मग सांगायला घेतलं.

फार पूर्वी बागेच्या जागी सटवाईची राई होती, असं सांगतात. ती कोणी लावलेली नव्हती, म्हणून कोणाची नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. चुनेभट्टीचे लोणारी दिवसभर चुनखडी भाजत आणि अंगाची लाही झाली की राईत जाऊन पडत. मूल जन्मलं की सहाव्या दिवशी त्याला राईतल्या सटवाईच्या दगडापाशी निजवत. धगीत जन्मलेल्या जिवाला गारवा पहिल्यांदा तिथं भेटे. तिथं निजवलेलं मूल जगतं, असा वस्तीचा भरवसा होता.

त्या वस्तीत भिवरा नावाची मुलगी लग्न होऊन आली. तिचं माहेर रानात कोळसा पाडणाऱ्यांचं, त्यामुळे चुन्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण नव्या नवरीला मान खाली घालून चालायचं असतं, आणि खाली बघणाऱ्याला जमिनीवरचं फार दिसतं. वरात तिथल्या सरदारांच्या नव्या कोठाराच्या जागेवरून आली तेव्हा तिथं नुसत्या चुन्याच्या पांढऱ्या रेघा होत्या. परतवणीला माहेरी जाताना तिनं पाहिलं, तर त्याच रेघांवरून चर खणलेले. ते तिच्या डोक्यात राहिलं.

महिन्याभरात सरदारांच्या कारभाऱ्याची माणसं राईपाशी आली. त्यांनी दोरी लावली आणि राईभोवती चुन्याची फक्की टाकली. फक्की चुनेभट्टीच्याच चुन्याची.

आता वस्तीचा एक दंडक होता. चुना विझवायला घातला की खड्ड्याभोवती पांढरी रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत पाय टाकायचा नाही, कारण वरून निवांत दिसणारा चुना खाली पायाची सालटी काढतो. आणि ज्यानं रेघ ओढली, त्यानंच ती पुसायची. पोरं बोलायच्या आधी हे शिकत. राईभोवती रेघ दिसली तशी अख्खी वस्ती अलीकडे थांबली. कोणी अडवलं नव्हतं, पहारा नव्हता. कोणाचं तरी काही काम असेल, झालं की पुसतील, असं म्हणून माणसं उन्हात वाट बघत बसली.

भिवरा सासूला, धोंडाईला, म्हणाली, "आत्याबाई, ही चुन्याच्या खड्ड्याची रेघ न्हवं. ही भित्ताडाची हाय. कोठाराची अशीच हुती."

धोंडाई भाकरी थापता थापता थांबली. "तुझ्या म्हायेरी पानाला लावाया तरी चुना मिळतो का गं? आन् रेघ आमास्नी शिकवतीया!" सगळी चूल हसली.

भिवरानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिसऱ्या दिवशीही सांगितलं. नव्या सुनेनं एकच गोष्ट तीनदा सांगितली की गोष्ट खोटी ठरते आणि सून तोंडाळ. चौथ्या दिवशी ती एकटीच रेघेपाशी गेली. ती ओलांडायला पाय उचललाही होता, म्हणे. तेवढ्यात नवरा खंडू मागून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघत्यात." तिनं पाय अलीकडेच टेकवला. पुढं जन्मभर तिला त्या पायाचाच राग होता.

पाचव्या दिवशी चर खणायला लागले. भिंत कमरेइतकी आली तेव्हा वस्तीची माणसं कारभाऱ्याकडे गेली. कारभारी वाईट नव्हता, हेही सांगतात. त्यानं त्यांना सतरंजीवर बसवलं आणि सरदारांच्या नव्या बागेचा नकाशा उलगडला. चार दारं, तीन पेठांना तीन आणि एक चुनेभट्टीला. "सगळ्यांना सारखं. हे बघा, तुमचं दार नकाशात आहे." माणसं खूश होऊन परतली. भिंतीसाठी लागणारा चुनाही मग त्यांनीच भाजला, जरा जास्तच मन लावून.

पेठांची तीन दारं उघडली. चौथ्याची कमान उभी राहिली आणि गुरं शिरू नयेत म्हणून तिच्यात तात्पुरते दगड रचले. वस्तीचे लोक वळसा घालून पेठांच्या दारांनी जाऊ लागले, तेव्हा पहारेकरी आधी पायांकडे बघत आणि परत फिरवत. चुन्याचे पाय नव्या वाटांवर उमटतात, असं त्यांना सांगून ठेवलेलं होतं.

वैशाखात भिवराला मुलगी झाली. सहाव्या दिवशी पोरीचं अंग तापलं. भिवरा भर दुपारी तिला घेऊन कमानीपाशी उभी राहिली. पलीकडे पाटाचं पाणी वाहत होतं, त्याचा आवाज येत होता. तिनं हाका मारल्या. "कोण हाय तिकडं? एक दगड काढा. मला नगं, लेकराला तेवढं आत घ्या."

पलीकडून आवाज आला, "बाई, हुकूम आला की उघडू. दार आहे नकाशात."

ती हलली नाही. ऊन कललं. मावळतीला पोरीचं अंग गार लागलं, आणि भिवराला क्षणभर बरं वाटलं, म्हणे.

पोरीला तिनं त्या उंबऱ्यापाशीच पुरलं. पुढच्या पावसाळ्यात आतल्या एका करंजाच्या झाडानं बागेकडे पाठ फिरवली, असं सांगतात. त्याच्या साऱ्या फांद्या भिंतीवरून अलीकडे आल्या आणि दुपारनंतर उंबऱ्यासमोर चार बाजांएवढी सावली पडू लागली. पहिल्याच दिवशी त्या सावलीसाठी ढकलाढकली झाली, एक म्हातारा पडला. तेव्हा भिवरानं पाटीभर चुना आणला आणि सावलीच्या कडेनं रेघ ओढली. "रेघ म्या वढली. पुसणारबी मीच." पाळ्या तिनं लावल्या. आधी बाळंतीण.

धोंडाईनं खाली बघत विचारलं, "आन् तुझी पाळी कवा गं?"

"दार उघडलं म्हंजी."

भिवरा म्हातारी होऊन वारली. सावलीत एकदाही बसली नाही आणि रेघही तिनं पुसली नाही. ती पुसायला आता कोणी उरलेलं नाही, म्हणून वस्तीतली नवी सून दर अमावस्येला तीच रेघ पुन्हा ओढते.

एवढं सांगून मावशी थांबल्या. पाहुण्यांतला एक वर बघत म्हणाला, "पण सावली कुठंय?"

"तीन वर्षं झाली. भिंतीबाहेर गेलेल्या फांद्या छाटायच्या, असा बागवाल्यांचा नियम निघाला. आतल्या बाजूला करंजाला फांदीच नव्हती. बुंधा राहिला. तो आहे अजून, आतून बघा. तुम्हाला सोडतील."

दुसऱ्या पाहुण्यानं घाईघाईनं कागद उलगडला. बोटानं एक जागा दाखवली. "मावशी, नव्या आराखड्यात सगळ्या वस्त्यांना सारखी वाट दिलीय. हे बघा, इथं दार आहे."

मावशींनी कागदाकडे पाहिलं नाही. "असणारच," त्या म्हणाल्या. "जरा सरका. तिची पाळी आलीय."

सहा दिवसांचं मूल घेऊन एक पोरगी मागं उभी होती. पाहुणे बाजूला झाले. ती रेघ ओलांडून आत गेली आणि उंबऱ्याला टेकून बसली.

आजही चुनेभट्टीची बाळंतीण सहाव्या दिवशी तिथं बसते. पदर पुढं ओढून बाळाच्या तोंडावर धरते. सावली म्हणून तेवढीच. हात भरून आला की ती हात बदलते, आणि पाळी संपेपर्यंत उठत नाही.