आसरवाडीच्या दवण्याचा मान

चैत्री पौर्णिमेला आसरवाडीच्या तलावावर दिवसभरासाठी आलेल्या माणसांची एक गैरसोय होते. काठावरचे वाफे दवण्याने भरलेले असतात, वास गाडीतून उतरायच्या आधीच नाकात शिरतो, पण दिवस कलेपर्यंत एकही जुडी विकत मिळत नाही. का, असे कोणी विचारले की दवणा विकणाऱ्या गजराबाई बोराटे त्यांना काठावरच बसवून घेतात आणि सांगतात.

पूर्वी म्हणे इथल्या देवाची पालखी दवण्याशिवाय हलत नसे. दवण्याचा मान हिरोजी माळ्याचा, म्हणजे बोराट्यांच्या घरचा. मान होता तशी अटही होती. पौर्णिमेच्या पहाटे मानकऱ्याने गळाभर पाण्यात उतरायचे आणि घरच्यांनी ताजा दवणा हातात आणून दिल्यावरच बाहेर यायचे. आधी बाहेर आला तर मान गेला. एरवी हे काम घटकाभराचे.

पैलतीरावरच्या सुभानराव देशमुखाला हा मान हवा होता. एका वर्षी हिरोजी पाण्यात उतरला, आणि इकडे देशमुखाच्या माणसांनी त्याच्यासकट सगळ्या माळ्यांचे वाफे कापून नेले. हिरोजीची बायको भिवरा विळा घेऊन आली तेव्हा तिथे नुसती ढेकळे होती. ती पैलतीरी धावली. एक जुडी द्या, घरधनी तापाने फणफणलेला पाण्यात उभा आहे, म्हणून तिने पाय धरले. सुभानराव विडा चघळत म्हणाला, "देतो की. घाई कसली?"

हिरोजी तीन प्रहर उभा राहिला. मग त्याची मान पाण्याला टेकली, ती पुन्हा वर आली नाही. त्यानंतर देशमुखाने दवणा आणवला, पालखीवर वाहिला आणि मान आपल्या घरी नेला.

भिवरा रडली नाही, असे सांगतात. दोन महिन्यांत ती देशमुखाच्याच मळ्यात रोजाने जाऊ लागली. गावाने तिच्याशी बोलणे टाकले. पाणवठ्यावर तिच्या आत्याने विचारले, "देशमुखाची भाकर गोड लागते का गं?"

"अजून चावतेय, आत्याबाई," भिवरा म्हणाली.

दवण्याचे बी मोहरीपेक्षाही बारीक, आणि एका हंगामापुरतेच जिवंत. माळ्याच्या घरात हे सांगावे लागत नाही. देशमुखाला ज्वारी ठाऊक होती, जी पेवात वर्षानुवर्षे टिकते. दुसऱ्या कोणाच्या वाफ्यात दवणा उगवू नये म्हणून त्याने माळ्यांच्या घराघरांतले बी ओढून आणले, निम्मे स्वतः पेरले आणि निम्मे पेवात घालून वर दगड ठेवला. पुढच्या चैत्रात त्याचा मळा घमघमला. कापणीच्या वेळी माळी लोक एक कोपरा बियाण्यासाठी राखतात. सुभानराव म्हणाला, सगळे कापा, पेव भरलेले आहे. पेवातले जुने बी उगवणार नाही हे जाणणारी भिवरा एकटीच तिथे होती. तिने तोंड उघडले नाही. शेवटचे रोप तिनेच कापले.

पेरणी आली. पेवातले बी पेरले, उगवले नाही. पुन्हा पेरले, पुन्हा नाही. चैत्र लागला तेव्हा देशमुखाने लांबलांबच्या गावांना स्वार पाठवले आणि ते येतीलच या भरवशावर पौर्णिमेच्या पहाटे तो पाण्यात उतरला.

दिवस डोक्यावर आला. एकेक स्वार रिकाम्या हाताने परतला. तेव्हा भिवरा आली आणि त्याच्या समोर काठावर बसली. तिच्या मांडीवर दवण्याची एक जुडी होती. हिरोजीच्या मुंडाशाच्या टोकाला चिमूटभर बी गाठ मारलेले राहिले होते. लव्हाळ्याच्या आत सुपाएवढ्या जागेत ते तिने पेरले होते आणि दर हंगामाला नवे धरले होते.

देशमुखाची बायको चिमाबाई अनवाणी आली आणि तिने पदर पसरला. "भिवरे, एक काडी दे."

"देते की, बाईसाहेब. घाई कसली? माझा माणूस तीन प्रहर उभा होता. यांचे दोनच झालेत."

सुभानरावाने हे ऐकले. चार पावलांवर काठ होता, पण बाहेर येणे म्हणजे सगळ्या गावासमोर मान सोडणे. तो हलला नाही. चिमाबाई त्याच्याकडे पाहून ओरडली, तरी नाही.

तिसरा प्रहर सरला तशी भिवरा उठली, पाण्यात उतरली आणि जुडी त्याच्या हातात ठेवली. मूठ वळली नाही, हात केव्हाच गार पडला होता. मग तिने ती स्वतः नेऊन पालखीवर वाहिली. पालखी हलली. भिवरा हसली असे काही जण म्हणतात. गजराबाईंच्या सासूबाई म्हणत, हसली नाही, हात धुतले आणि वाफ्याला पाणी द्यायला गेली. गावभर बी तिनेच पुन्हा वाटले. देशमुखांच्या दारी तेवढे गेले नाही.

आजही चैत्री पौर्णिमेला देशमुखांच्या घरची एक बाई पैलतीरावरून नावेने येते आणि गुडघाभर पाण्यात उभी राहते. पहिली जुडी तिची. ती दिल्याशिवाय दुसरी विकायची नाही. बोराट्यांची बाई जुडी मांडीवर घेऊन समोर बसते. दोघी एकमेकींना विचारतात, सुनेला कितवा महिना, गुडघा कसा आहे, यंदा आंबा धरला का. चांगल्या हसतखेळत बोलतात. तिसरा प्रहर सरेपर्यंत जुडी मात्र मांडीवरच असते.