शार्दूलच्या दोन सिस्टिम

"म्हणजे कामाच्या वेळी तुला खेळ आठवतच नाही?" बुवांनी विचारलं.

"नाही बुवा. आठवायची सोयच ठेवली नाही," शार्दूल म्हणाला.

सोयच ठेवली नाही! ऐट बघा बोलण्यातली. मी समोरच शेंगा सोलत बसलो होतो, ऐकून घेतलं.

शार्दूल रेडेकर गडहिंग्लजचा. घरी बसून कुठल्याशा कंपनीसाठी पुलांची ड्रॉइंगं काढायचा. पोरगं गुणी, त्यात वाद नाही. दर रविवारी मोटरसायकलवरून आमच्या मठात यायचा, पोथी ऐकायचा आणि नागनाथबुवांच्या पाया पडून एकच मागायचा. अनुग्रह द्या, मला शिष्य करून घ्या.

बुवा ज्याला शिष्य करतात त्याला दोन्ही हातांनी तुळशीची माळ देतात. मलाही तशीच दिली होती. शार्दूलला मात्र दर वेळी म्हणायचे, "बघू की."

त्या 'बघू की'नं बिचारा झुरणीला लागला होता. आपलं घोडं कुठं अडलंय हे त्याला शोधून काढायचं होतं. त्या रविवारी उत्तर सापडलं म्हणून तो लॅपटॉप घेऊनच आला.

त्यानं जे सांगितलं ते मला कळलं तेवढं असं. त्याच्या त्या एका मशीनमध्ये दोन सिस्टिम होत्या. एक कामाची, एक खेळाची. कामाची आधीपासून होती, खेळाची त्यानं मागाहून शेजारी टाकली. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर एक पाटी यायची आणि विचारायची, कुठं जायचं, कामाकडं की खेळाकडं? एकीकडं गेलं की दुसरीकडचं काही दिसायचं नाही. मध्ये भिंत. कामातला शार्दूल खेळातल्या शार्दूलला ओळखत नाही, असं तो स्वतःच म्हणाला.

"मग इथं कुठला आलाय?" बुवांनी विचारलं.

शार्दूलनं लॅपटॉप मांडीवर ओढला.

"कामातला," तो म्हणाला. "म्हणूनच आलोय बुवा. त्या खेळानं माझा अनुग्रह अडवलाय. आज तुमच्यासमोर तो पुसून टाकतो."

आता आमच्या मठाची रीत सांगायला हवी. पोथी संपली की सतरंजी गुंडाळायची आणि त्याच अंगणात लगोरी खेळायची. चपट्या दगडांची चळत रचायची, चेंडूनं पाडायची आणि अंगावर चेंडू बसायच्या आत परत रचायची. बुवांच्या गुरूंपासून हे चालत आलंय. बुवांची सत्तरी उलटली, तरी धोतर वर खोचून पळतात, आणि चेंडू असा हाणतात की पाठ लाल होते.

गावातली बायामाणसं सगळी खेळतात. एकटा शार्दूल खेळायचा नाही. आम्ही धुरळा उडवत असायचो आणि हा औदुंबराखाली डोळे मिटून ताठ बसलेला. मला त्याचा जाम राग यायचा. आम्ही काय वेडे म्हणून पळतो?

"पुसायच्या आधी मला दाखव तरी," बुवा म्हणाले.

शार्दूलला ते पटलं नाही, पण बुवांना नाही म्हणणार कसा? त्यानं खेळ लावला. मोटारींची शर्यत होती. कुठल्या बटणानं काय होतं ते बुवांनी नीट विचारून घेतलं आणि गाडी थेट तळ्यात घातली. मग कुंपण तोडून कुणाच्या तरी मळ्यात. मग सगळ्या गाड्या येत होत्या त्या दिशेनं उलटी. बुवा हसून हसून उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

शार्दूल ओठ आवळून बसला होता. पण त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती, ते मी बघितलं. एकदा तर "डावीकडं, डावीकडं" असं तोंडातून निसटलंच. मग गडी असा ओशाळला...

"झकास आहे की रे," बुवा म्हणाले.

"मोह आहे बुवा."

"बरं. तुझं मशीन, तुझी मर्जी."

शार्दूलनं मशीन बंद केलं आणि कामाकडून परत उघडलं. हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि खेळाचा सगळा भाग पुसून टाकला. चेहरा काशी करून आल्यासारखा झाला होता.

आता चालू केलं की सरळ काम, मध्ये विचारणारं कुणी नाही, असं त्यानं बुवांना सांगितलं. आणि दाखवायला म्हणून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ. बास.

परत बंद केलं, परत चालू केलं. तीच ओळ...

काम पण उघडेना!

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. जिरली एकदाची, असंच मनात आलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. पोरगं घामानं भिजलं होतं. अनुग्रह मागायला आलं आणि हातचं कामही घालवून बसलं.

बुवा उठले, सतरंजीचं एक टोक धरलं आणि दुसरं धरायची मला खूण केली. आम्ही सतरंजी गुंडाळली. बुवा अंगणात मधोमध उकिडवे बसून दगडावर दगड रचायला लागले.

शार्दूल त्या पडद्याकडं बघत राहिला. थोड्या वेळानं त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. धावत जवळ गेलो तर गडी हसत होता. पोट धरून, आवाज न करता.

मी विचारलं, बाबा रे, झालं काय? तेव्हा त्यानं मला समजावलं. ती विचारणारी पाटी मशीनची नव्हतीच. खेळाची सिस्टिम टाकली तेव्हा तिनंच ती आणून लावली होती, आणि स्वतःच्या भागात ठेवली होती. म्हणजे रोज सकाळी हा कामाला जायचा तो आधी खेळाच्या उंबऱ्यावर पाय देऊनच. इतकी वर्षं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. काम आत जागच्या जागी होतं, एक रेघसुद्धा गेली नव्हती. घरी जाऊन खेळाची सिस्टिम परत टाकली की पाटी परत येणार होती, आणि काम उघडणार होतं.

"आणि मी समजत होतो..." तो म्हणाला. पुढचं हसण्यात बुडालं.

एवढं मोकळं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. मग मलाही आवरेना, शेंगांची टोपली लवंडली.

त्यानं लॅपटॉप मिटला आणि औदुंबराखाली त्याच्या नेहमीच्या जागी ठेवून दिला. बाह्या दुमडल्या, चपला भिरकावल्या आणि अंगणात बुवांसमोर येऊन उभा राहिला. अनुग्रह मागायचा तो विसरूनच गेला.

"बुवा," तो म्हणाला, "दार खेळाच्या खोलीत होतं."

बुवांनी चळतीवर शेवटचा दगड ठेवला. उठले. कमरेला खोचलेला चेंडू काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला. माळ देताना धरतात, अगदी तसा.

"आमचंही तिथंच आहे," ते म्हणाले. "मार."