हौसाबाईंची म्हैस

परदेशातून वकिली आणि समाजकार्य अशा दोन पदव्या घेऊन अनुजा तालुक्याला परतली, तेव्हा दोन्हींचं कौतुक होईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. कोर्टात तिला सगळे 'अर्धी वकील' म्हणू लागले. वैतागून तिनं पाटीवरचं 'समाजकार्य' पुसायला पेंटरला सांगून ठेवलं.

तेवढ्यात हौसाबाईंच्या बाजूनं लढायचा खटला तिच्याकडे आला. आईला वेड लागलंय, मला तिचा पालक नेमा आणि घर-गोठा ताब्यात द्या, असा मुलाचा अर्ज होता.

"साहेब, ही बाई दिवसभर म्हशीशी गप्पा मारते!" मुलाचे वकील दाभाडे गरजले. "आता अर्ध्या वकीलबाई म्हशीची साक्ष काढणार का?"

कोर्टात हशा पिकला. अनुजा मात्र समाजकार्याच्या वर्गात शिकवल्याप्रमाणे आधीच हौसाबाईंच्या गोठ्यात जाऊन बसून आली होती. तिनं मुलाला विचारलं, "दादा, म्हशीची धार तुम्ही काढता?"

"छे! मला लाथ मारते."

"मग आई कशी काढते?"

"आई तिच्याशी बोलते, मग ती पान्हा सोडते."

अनुजा न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, आईचं बोलणं म्हशीला कळतं, मुलाला कळत नाही. पालकाची गरज नेमकी कुणाला आहे, ते आपणच ठरवावं."

अर्ज फेटाळला गेला. हौसाबाईंनी अनुजाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "पोरी, गोठ्यात येऊन माझं ऐकून घेणारी तू पहिलीच गं."

'आधी माणसाच्या घरी जाऊन बसा' असं शिकवणाऱ्या समाजकार्याच्या आपल्या बाईंचे अनुजानं मनोमन आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर आला. "पुसू ना, ताई?"

"नको. 'समाजकार्य' वर घ्या, 'वकील' खाली."